वाचक विचारतात : मालवणचं प्रवाळ आणि घाटातले धबधबे

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मालवणला चार दिवस जायचं म्हणतोय. समुद्रातलं प्रवाळ आणि आसपासचे धबधबे, दोन्ही एकाच फेरीत होतील का? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : होतील, पण दोन्ही भरात सापडणार नाहीत. आंबोलीचा मुख्य धबधबा जून ते सप्टेंबर जोरात असतो, आणि नेमकं त्याच काळात, मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत, समुद्रातलं स्कूबा (पाठीला हवेची टाकी लावून बुडी) आणि स्नॉर्कलिंग (नळीने श्वास घेत पृष्ठभागावरून पाहणं) बंद असतं. पाऊस थांबला तरी कर्ली आणि गडनदी गाळ आणत राहतात, म्हणून ऑक्टोबरात पाणी गढूळच. नितळ पाणी हवं तर डिसेंबर-जानेवारी धरा.

दिवाळीतच जाणार असाल तर तिथी बघा. लक्ष्मीपूजन अमावास्येला येतं, म्हणजे उधाणाची भरती. तेव्हा पाण्याची ओढ जास्त असते, तळाची माती उठते आणि हातभर अंतरावरचंही धूसर दिसतं. कार्तिक शुद्ध अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती असते, ओढ कमी असते. तेव्हाची सकाळची पहिली बोट घ्या. दुपारी वारा सुटला की बोटही हलते आणि पाणीही ढवळतं.

धबधब्यासाठी आंबोलीपेक्षा वैभववाडीजवळचं नापणे बरं, कारण ते बारमाही आहे. नाशिककडचे दुगारवाडी किंवा भावली धबधबे भर पावसात पाहिलेल्यांना ते लहान वाटेल, पण दिवाळीत तिथे पाणी नक्की असतं.

क्रम मात्र उलटा करू नका: आधी घाट, मग समुद्र. टाकी लावून श्वास घेताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि उंचावर गेलं की तो बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडू शकतो. आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे. उथळ, छोट्या बुडीला धोका कमी असला तरी त्याच दिवशी घाट चढू नये. नाशिकही जवळपास 600 मीटरवर असल्यामुळे परतीचा प्रवासही दुसऱ्या दिवशीच ठेवा.

प्रश्न : मला पोहता येत नाही, चष्मा आहे, वय 52. स्कूबा झेपेल का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षक धरून खाली नेतात. पण दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका.

बहुतेकांची बुडी कानावर अडते. दुखायला लागल्यावर उपाय करतात, तोवर उशीर झालेला असतो. पाण्याखाली जाताच नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबा, आणि दर मीटरभर खाली गेलं की पुन्हा दाबा. तरीही दुखलं तर थांबा, थोडं वर या, मगच पुढे. जोर लावू नका, पडद्याला इजा होते. दुसरा नियम त्याहून मोठा: श्वास कधीही रोखायचा नाही. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुसाला इजा करू शकते.

मास्कखाली चष्मा बसत नाही, म्हणून नंबरचा मास्क आहे का ते बुकिंग करतानाच विचारा. कडेत केस अडकले किंवा मिशी दाट असली की पाणी शिरतं. आदल्या रात्री मालवणी थाळी खुशाल घ्या, सकाळी मात्र हलका नाश्ता, तोही दोन तास आधी.

अंदमानच्या रंगीत फोटोंची अपेक्षा ठेवू नका. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रवाळ आहे ते बरंचसं तपकिरी, हिरवट आणि गोलसर, पहिल्या नजरेला दगडच वाटेल असं. तो रंग त्याच्या आत राहणाऱ्या शेवाळाचा असतो आणि प्रवाळाला बरंचसं अन्न तेच पुरवतं. पांढरंफेक दिसलं तर ते शेवाळ गमावलेलं, आजारी किंवा मेलेलं प्रवाळ समजा. जिवंत प्रवाळावर पाय टेकला की वरचा नाजूक थर फाटतो, म्हणून तिथे उभं राहून फोटो काढायचा आग्रह कुणी केला तरी ठाम नाही म्हणा. तुकडाही उचलू नका. खडक बांधणारं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत.

प्रश्न : नाशिकहून रेल्वेने कसं जावं? (एक वाचक, सातपूर)

उत्तर : नाशिकरोडहून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस थेट कोकण रेल्वेवर जाते. तुमच्या सोयीचा थांबा तिला आहे का, ते तिकीट काढताना बघा. नाहीतर दादरहून तुतारी किंवा मुंबईहून कोकणकन्या पकडून कुडाळला उतरा. तिथून मालवण साधारण 30 किलोमीटर, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा पुढची जोडगाडी ठरवताना जुन्या वेळा धरू नका.