वाचकांचे प्रश्न : क्रांतीच्या नावावर ७१ वर्षं

प्रश्न : मेक्सिकोत म्हणे 'संस्थात्मक क्रांतिकारी पक्ष' असा पक्ष होता. एकतर संस्था म्हणा नाहीतर क्रांती म्हणा, दोन्ही एकदम कसं काय? आणि ज्या क्रांतीची घोषणाच 'फेरनिवड नाही' अशी होती तिच्याच नावावर एक पक्ष १९२९ ते २००० सलग सत्तेत कसा राहिला? लोक चिडले नाहीत?

उत्तर : चिडले हो, पण फार उशिरा. मुळात गंमत अशी की 'फेरनिवड नाही' ही घोषणा आधी पोर्फिरिओ दियासचीच. १८७६ला तो हेच ओरडत सत्तेवर आला आणि मधली ४ वर्षं सोडली तर १९११पर्यंत काही खुर्चीवरून उठला नाही. मग फ्रान्सिस्को मादेरो नावाच्या बड्या घरातल्या माणसाने त्याचीच घोषणा त्याच्यावर उलटवली, २० नोव्हेंबर १९१०ला उठावाची हाक दिली आणि पुढच्या मे महिन्यात दियासने राजीनामा दिला आणि गेला पॅरिसला. सिनेमा असता तर इथेच संपला असता. पण मादेरोला १९१३मध्ये त्याच्याच सेनापतीने उलथवलं, त्याचा खून झाला, आणि मग जे एकत्र लढले तेच एकमेकांच्या जिवावर उठले. शेतकऱ्यांचा पुढारी सापाता १९१९ला दगा देऊन मारला, राष्ट्राध्यक्ष कारान्सा १९२०ला, बंडखोर सेनापती पांचो विया १९२३ला.

आणि ओब्रेगोन. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या माणसाच्या खुनात आहे. एकदा राष्ट्राध्यक्ष होऊन गेला होता, घटनेत सोयीचा बदल करून घेऊन १९२८ला पुन्हा निवडून आला, आणि शपथ घ्यायच्या आधीच एका रेस्टॉरंटमध्ये मेजवानी चालू असताना चित्रं काढून दाखवायच्या निमित्ताने जवळ आलेल्या तरुणाने त्याला गोळ्या घातल्या. (मारणारा कट्टर कॅथलिक होता, तेव्हा चर्च आणि सरकार यांच्यात अक्षरशः युद्ध चालू होतं, तो वेगळाच विषय.) पण बाकीच्या जनरल मंडळींनी यातून काय घेतलं, तर परत खुर्चीवर यायचा मोह केलास की मेलास! म्हणून दुसऱ्या वर्षी काय्येस या माजी राष्ट्राध्यक्षाने सगळ्यांना एका पक्षात कोंबलं, काय भांडायचं ते आत भांडा, बंदुका बाहेर ठेवा. माणसाला ६ वर्षं, नंतर घरी, कायमचं. पक्षाला मात्र मुदतच नाही! काय्येसने स्वतः पडद्यामागून दोऱ्या ओढून बघितल्या तर तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनासने १९३६ला त्याला विमानात बसवून देशाबाहेर धाडलं. पक्षाचं तुम्ही म्हणता ते नाव १९४६चं, पण यंत्र तोवर सेट झालेलं. जाणारा राष्ट्राध्यक्ष येणाऱ्याचं नाव ठरवणार, याला तिकडे 'देदासो' म्हणतात, म्हणजे बोट दाखवणं. निवडणूक व्हायचीच, फक्त निकाल आधी माहीत असायचा. दियास एकटा चिकटून बसला होता, इथे खुर्चीवरचा माणूस बदलत राहिला म्हणून कुणाला ते चिकटणं वाटलंच नाही, माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

आणि नुसती लबाडी होती असंही नाही, नाहीतर इतकी वर्षं टिकलं नसतं. १९१७ची घटना बघा, ८ तासांचा कामाचा दिवस, संपाचा हक्क, जमिनीखालची खनिजं देशाची, हे तेव्हा कागदावर आणणं म्हणजे खायचं काम नव्हतं. कार्देनासने साधारण १.८ कोटी हेक्टर जमीन वाटली, १९३८ला परदेशी तेल कंपन्या ताब्यात घेतल्या, आणि कंपन्यांना द्यायच्या भरपाईला हातभार म्हणून बायका दागिने, कोंबड्या जे असेल ते घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. अशा आठवणींवर पक्ष पुढे कितीतरी वर्षं जगला. १९६८ला ऑलिंपिकच्या १० दिवस आधी त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला तेव्हा ती पुण्याई संपायला लागली असं म्हणता येईल, पण सत्ता जायला अजून ३२ वर्षं लागली. आणि या सगळ्या काळात सरकारी पत्रांच्या शेवटी सहीच्या वर काय छापलेलं असायचं माहितीये? 'मत खरं, फेरनिवड नाही.'

प्रश्न : पण सापाता तर सरकारचाच शत्रू होता ना, मग सरकारने त्याला डोक्यावर का घेतलं?

उत्तर : मेलेला माणूस उलटून बोलत नाही म्हणून. (इंग्रजी उच्चारात 'झपाटा', आपल्याकडे या शब्दाला वेगळाच अर्थ असल्यामुळे मला हे नाव शाळेपासून आवडतं.) वास्कोन्सेलोस शिक्षणमंत्री असताना १९२१पासून सरकारी इमारतींच्या भिंती रिव्हेरा, ओरोस्को, सिकेरोस यांच्यासारख्या चित्रकारांना रंगवायला मिळाल्या, वाचता न येणाऱ्यालाही क्रांती दिसावी म्हणून, आणि तिथून सापाता घराघरात पोचला. ओरोस्कोने मात्र याच भिंतींवर क्रांतीची खिल्लीसुद्धा उडवलीय, ती बघाच. मेक्सिको सिटीतल्या क्रांती स्मारकात मादेरो, विया, कारान्सा, काय्येस, कार्देनास सगळे एका छताखाली पुरलेत, जिवंतपणी यातले काही एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आणि ते छत म्हणजे दियासने बांधायला घेतलेल्या संसद भवनाचा अर्धवट राहिलेला सांगाडा! सापाता तिथे नाही, तो त्याच्या मोरेलोस राज्यात क्वाउत्लाला आहे. १९९२मध्ये सरकारने घटना बदलून जमीनवाटप थांबवलं आणि त्याच दशकात १० पेसोच्या नोटेवर सापाता छापला. १ जानेवारी १९९४ला चियापास राज्यात आदिवासींनी बंदूक उचलली तीही सापाताचंच नाव लावून.

प्रश्न : या सगळ्यात कुणी भारतीय?

उत्तर : आहे ना, आणि मराठी माणूस! वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे, परदेशातल्या भारतीय क्रांतिकारकांच्या गदर चळवळीतले, इंग्रज मागावर असल्यामुळे देशोदेशी फिरत १९२०च्या दशकात मेक्सिकोला पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत शिकवायला लागले. मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. वर दियासच्या मधल्या ४ वर्षांचा उल्लेख केला ना, त्या काळात खुर्ची सांभाळणाऱ्या मानुएल गोन्सालेसची हवेली आणि जमीनजुमला म्हणजे हे चापिंगो. क्रांतीनंतर तिथे शाळा आली आणि ब्रीदवाक्य ठेवलं, शोषण जमिनीचं शिकवू, माणसाचं नाही. रिव्हेराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर खानखोज्यांना रंगवलंय, टेबलाच्या टोकाला बसून सगळ्यांसाठी भाकरी मोडताना.