तोरावाचनाला बोलावणं आलं तर नाव कसं द्यायचं

सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनाला बोलावताना हिब्रू नाव पुकारतात आणि त्यात ‘बेन’ (मुलगा) किंवा ‘बात’ (मुलगी) येतं. या दोन्हींत बसत नसशील, तर अलियासाठी (त्या बोलावण्यासाठी) नावात ‘मिबेत’ वापर. म्हणजे ‘अमक्या-तमक्यांच्या घरचं’. अमेरिकेतल्या कन्झर्वेटिव्ह या ज्यू पंथाच्या धर्मनियम समितीने २०२२ मध्ये याला मान्यता दिली. पुकारताना ‘याअमोद’ (पुल्लिंगी) किंवा ‘तअमोद’ (स्त्रीलिंगी) याऐवजी ‘ना ला-अमोद’ (‘कृपया उभं राहावं’, लिंगभेद नसलेलं रूप) म्हणतात.

नाव पुकारणाऱ्या गब्बायला हे आधीच कळव, तेही शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी लिहून दे. शब्बाथला (शुक्रवारी सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवशी) लिहिणं वर्ज्य असतं. चिठ्ठीवर हिब्रू नाव, आईवडिलांची हिब्रू नावं, आणि कोहेन, लेवी की इस्राएल (ज्यूंमधले वंशपरंपरागत गट) एवढं हवं. तोंडी सांगितलेलं हमखास विसरलं जातं, कारण पुकारा सवयीनेच तोंडातून निघतो.

वाचनाआधीच्या-नंतरच्या आशीर्वचनांत काही बदलावं लागत नाही; ती ‘आम्हांला’ अशी अनेकवचनी आहेत. गडबड होते ती पुढे, ‘मी शेबेराख’मध्ये (बोलावलेल्या व्यक्तीसाठी म्हटल्या जाणाऱ्या आशीर्वादात). तिथे लिंगभेदी रूपं परत येतात आणि चिठ्ठीत त्यांचा उल्लेख कुणीच करत नाही! तू कर. नाहीतर सगळ्यांसाठीचं अनेकवचनी रूप माग.

ऑर्थोडॉक्स (कडक परंपरा पाळणाऱ्या) सिनेगॉगमध्ये हा मार्ग सहसा नाही. तिथे बहुतेक ठिकाणी फक्त पुरुषांनाच बोलावतात आणि मेखित्झाच्या (स्त्री-पुरुषांना वेगळं बसवणाऱ्या आडोशाच्या) कुठल्या बाजूला बसायचं हा प्रश्न आधी येतो. त्याबद्दल रब्बीशी (धर्मगुरूशी) एकांतात बोल, ऐन प्रार्थनेच्या वेळी दारात नको.