अनुभव सोलापुरातूनच घेऊन ये

बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, इंग्लंडात न्यूरोसायन्समध्ये एम.एस्सी. आणि मग पीएच.डी. करायची आहे, आणि "व्हॉलंटियरिंग, लॅबचा अनुभव तिकडे गेल्यावर मिळेलच ना?" असं तू विचारलंस. मिळेल, पण उशिरा. व्हिसाची फी किती, बँकेत पैसे किती दाखवायचे हे ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळावर नीट लिहिलेलं आहे, ते तिथेच वाच. मी हा उशीर कुठे होतो तेवढं सांगतो, कारण आपल्याकडच्या मुलांचं त्यातच नुकसान होतं आणि ते बघवत नाही.

तिथली एम.एस्सी. एक वर्षाची. वर्ग सप्टेंबरअखेर सुरू होतात आणि फंडिंग असलेल्या पीएच.डी.चे अर्ज बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. संशोधन प्रकल्प उन्हाळ्यात, म्हणजे अर्ज संपल्यावर. त्यामुळे 'संशोधनाचा अनुभव' या रकान्यात तुझ्याकडे जे असेल ते भारतातलंच असेल. त्यात यूकेआरआय या ब्रिटनच्या सरकारी संशोधन-निधी संस्थेच्या पैशांवरच्या जागांपैकी परदेशी विद्यार्थ्यांना जास्तीत जास्त ३० टक्के मिळतात.

प्रकल्पाचीही एक अडचण आहे. उंदरांवर प्रत्यक्ष प्रयोग करायला १९८६च्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या नावाचा परवाना लागतो. त्याचं प्रशिक्षण, परीक्षा, अर्ज यात इतका वेळ जातो की तीन-चार महिन्यांच्या प्रकल्पासाठी बहुतेक गाईड त्यात पडत नाहीत. विद्यार्थ्याच्या हाती येतात आधीच जमवलेल्या नोंदी किंवा सूक्ष्मदर्शकातली चित्रं. ज्याला प्रोग्रॅमिंग येतं तो पहिल्या आठवड्यापासून कामाला लागतो, बाकीचे महिनाभर पायथन शिकतात.

ते पायथन सोलापुरात बसून शिकता येतं. ओपनन्यूरो या संकेतस्थळावर ईईजीच्या, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून टिपलेल्या मेंदूतल्या विद्युत लहरींच्या, खऱ्या नोंदी फुकट मिळतात. त्या वाचणारं एमएनई-पायथन हे सॉफ्टवेअर संगणकावर टाक, एक नोंद उघड आणि नुसती स्वच्छ करायचा प्रयत्न कर. विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण (नोंद अमेरिकेतली असेल तर ६०) कशी गाळायची, कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर उसळलेली लाट मेंदूची की पापणीची, हे ओळखता येऊ लागलं की मुलाखतीत बोलायला पुष्कळ असतं. पेशी मोजायला फिजी हे सॉफ्टवेअर, तेही फुकट. जुलैत न्यूरोमॅच अकादमीचा तीन आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग असतो, त्याची फी देशाप्रमाणे कमी होते.

हाताचं कामही हवं. सरांची परवानगी काढून कॉलेजच्या प्रयोगशाळेत बोकडाचा भेजा अभ्यासायला घे. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांग, नाहीतर कवटी सत्तूरने फोडताना भेज्याचे दोन तुकडे होतात. १० टक्के फॉर्मेलिन, भेज्याच्या निदान दहापट, त्यात दोन आठवडे बुडवून ठेव, आणि ते काम फ्यूम हूडखालीच (विषारी वाफ ओढून घेणारं कपाट). द्रव कमी पडला तर बाहेरून घट्ट आणि आतून गुलाबी, लिबलिबीत राहतो. भांड्याच्या तळाला टेकला तर एका बाजूने चपटा होतो, म्हणून खाली कापसाची जाड गादी घाल किंवा तळाच्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवून टांगता ठेव. मग अर्ध्या सेंटिमीटरचे आडवे काप काढून प्रत्येकाचं चित्र काढ. हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) स्वतः शोधलेली मुलगी आणि पुस्तकात पाहिलेली मुलगी यांच्या बोलण्यात फरक पडतो.

दिवाळीच्या सुमाराला तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपवर लक्ष ठेव. निवड झाली तर दोन महिने चांगल्या प्रयोगशाळेत काढता येतात. निम्हान्स, बेंगळुरूचं आयआयएससी, मानेसरचं एनबीआरसी, पुण्याचं आयसर इथल्या प्राध्यापकांना थेटही लिही. 'आय अॅम व्हेरी पॅशनेट' असली मेल कुणी वाचत नाही. त्यांचा एक पेपर वाच, त्यातल्या एका आकृतीवर एक प्रश्न विचार, स्वतःला काय येतं ते दोन ओळींत सांग.

व्हॉलंटियरिंगसाठी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जायचं तर प्राचार्यांचं पत्र घेऊन मेडिकल कॉलेजच्या अधिष्ठात्यांकडे अर्ज कर. रुग्णाला हात लावायला मिळणार नाही, मिळूही नये. त्यापेक्षा वृद्धाश्रम किंवा विशेष मुलांची शाळा धर, आठवड्याला दोन तास, पण वर्षभर. चार दिवसांच्या शिबिराच्या सर्टिफिकेटला तिकडे काही वजन नाही. आणि आपल्या गावाची श्रीमंती विसरू नकोस. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही बोलणारी आजी गल्लीगल्लीत भेटते. २०१३मध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निम्स रुग्णालयातल्या ६४८ डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. या विषयाला सोलापूरच्या पूर्व भागाइतकी जागा इंग्लंडात कुठे मिळणार?

तिकडे गेल्यावर एक गोष्ट सांभाळ. स्टुडंट व्हिसावर 'व्हॉलंटियरिंग' आणि 'व्हॉलंटरी वर्क' वेगळं धरतात. पहिल्यात करार नसतो, फार तर प्रवास-जेवणाचा खर्च मिळतो, आणि ते कामाच्या आठवड्याला वीस तासांच्या मर्यादेत मोजत नाहीत. दुसऱ्यात कामाचं बंधन असतं, म्हणून बिनपगारी असलं तरी तास मोजले जातात. कर्ज काढून आलेली मुलं ते वीस तास गोदामात घालवतात, मग प्रयोगशाळेत जायला अंगात त्राण उरत नाही. कर्जाचा आकडा ठरवताना हे धरून चाल.

कागदांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, वडिलांचं नाव कधी आहे कधी नाही, आणि प्रत्येक खिडकीवर तोच प्रश्न. नाव आत्ताच सगळीकडे एकसारखं करून घे. शिफारस देणाऱ्या सरांचा ईमेल कॉलेजच्या नावाचा हवा, जीमेलवर बऱ्याच ठिकाणी अडवतात. वृद्ध किंवा लहान मुलांबरोबर काम करायचं तर डीबीएस तपासणी (गुन्ह्याची नोंद आहे का ते पाहणारी) होते. व्हॉलंटियरला ती फुकट असते, पण ती ब्रिटनपुरती, म्हणून भारतातलं पोलीस क्लिअरन्स मागू शकतात. ते निघण्याआधी काढ, तिकडून काढायचं म्हणजे बराच वेळ जाऊ शकतो.

एकटेपणाचं विचारलंस. असतो, कामाला लागलीस की निभतो. मला त्याहून जड जातं ते वेगळंच. परक्या गावात दुसऱ्यांच्या विसरभोळ्या आईवडिलांशी दर आठवड्याला धीराने बोलायचं, आणि आपल्या घरच्यांना फोनवर "मघाशी सांगितलं की" म्हणून गप्प करायचं. याला उपाय माझ्याकडे नाही. निघायच्या आधीचं वर्ष तू घरीच राहणार असशील तर आजीजवळ बसत जा.

राहिली हिपॅटायटिस बीची लस. हॉस्पिटलात किंवा मानवी ऊतींवर काम करायचं तर बहुतेक ठिकाणी तिचा पुरावा मागतात. तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. नंतर एक-दोन महिन्यांनी रक्तात अँटिबॉडी तपासून रिपोर्ट जपून ठेव. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड आईच्या कपाटात असेल, ते आजच शोध. नसेल तर पहिला डोस याच महिन्यात घे.