थांबा सिग्नलच्या अलीकडे का पलीकडे?

प्रश्न: भाऊ मेलबर्नला असतो, तो म्हणतो तिकडं ट्रामचे थांबे सिग्नल ओलांडल्यावर असले की गाडी लवकर सुटते. आमच्या चौकात सिटी बस सिग्नलच्या अलीकडं थांबते, माणसं चढेपर्यंत हिरवा निघून जातो आणि परत लाल. पलीकडं नेला तर फरक पडंल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: पडंल की, पण सिग्नल कसलाय त्यावर आहे. जिथं ट्राम येताना सिग्नलला कळतं आणि तो हिरवा थोडा लांबवतो, तिथं थांबा पलीकडंच बरा, कारण गाडी कधी पोचणार ते आधी सांगता येतं. अलीकडं थांबली तर कुणी चादरींचं गाठोडं घेऊन चढतंय, कुणी सुट्ट्या पैशांसाठी खिसे चाचपतंय, त्याला दहा सेकंद लागतील का चाळीस ते सिग्नलला काय माहीत, लांबवलेला हिरवा फुकट जातो. आपल्यासारखा ठरल्या वेळेचा सिग्नल असंल तर मात्र अलीकडचा थांबा अगदीच वाईट नाही, लाल लागलाच तर तेवढ्यात माणसं तरी चढतात. तुमचं होतं ते उलटं, चढणं हिरव्यात आणि थांबणं लालात!

पलीकडं जागा मात्र लांब पायजे. एकामागं एक दोन गाड्या आल्या की मागचीचं शेपूट चौकातच, आणि ट्रामला रुळावरून बाजूला पण होता येत नाही. तुमच्या चौकात आधी पलीकडच्या रिक्षा आणि भज्याचा गाडा हलतोय का ते बघा.