प्रश्नोत्तरे : रूट लोकस काढताना

(रूट लोकस म्हणजे के हा गेन शून्यापासून वाढवत नेला की क्लोज्ड लूपची, म्हणजे फीडबॅक जोडलेल्या प्रणालीची, मुळे ज्या वाटांनी सरकतात त्यांची आकृती.)

के / [एस(एस + २)(एस + ४)] चा लोकस हाताने काढायचा आहे. सुरुवात कुठून करू? (डिप्लोमा विद्यार्थिनी, रत्नागिरी)

पोलपासून, म्हणजे छेद शून्य करणाऱ्या एसच्या किमतींपासून. ०, −२ आणि −४ वर फुल्या मारा; के शून्य असताना क्लोज्ड लूपची मुळे इथेच असतात. झीरो, म्हणजे अंश शून्य करणारी किंमत, एकही नाही, म्हणून तिन्ही फांद्या अनंताकडे जाणार. खऱ्या अक्षावरच्या ज्या बिंदूच्या उजवीकडे पोल-झीरो मिळून विषम संख्या भरते, तो लोकसवर असतो: ० ते −२, आणि −४ च्या डावीकडचा भाग. असिम्प्टोट, म्हणजे फांद्या दूरवर ज्यांना चिकटत जातात त्या सरळ रेषा, ६०, १८० आणि ३०० अंशांवर, एकत्र येतात −६/३ = −२ वर.

फांद्या अक्ष सोडतात तो बिंदू ३एस² + १२एस + ८ = ० यातून मिळतो. उत्तरे दोन, −०.८५ आणि −३.१५, दुसरे सोडून द्या, कारण −२ ते −४ मध्ये लोकसच नाही. राउथच्या कोष्टकातून (लूप कुठवर स्थिर राहतो हे तपासण्याची रीत) के = ६ × ८ = ४८, तिथे काल्पनिक अक्ष ओलांडला जातो, २.८३ रेडियन प्रति सेकंदाला.

याच उदाहरणात डॅम्पिंग (दोलने किती लवकर विरतात याचे माप) ०.५ हवे, तर के किती? (कुडाळ)

८.३. कोस ६० अंश = ०.५, म्हणून ऋण खऱ्या अक्षाशी ६० अंशांची रेषा लोकसला −०.६७ ± जे१.१५ वर छेदते (जे म्हणजे −१ चे वर्गमूळ). तिथून तिन्ही पोलची अंतरे मोजा: १.३३, १.७६, ३.५३. त्यांचा गुणाकार म्हणजेच के. (ही पद्धत मांडणाऱ्या वॉल्टर इव्हान्स यांनी अशा मोजणीसाठी स्पायरूल नावाचे साधनही बनवले होते. आपले काम पट्टीवर भागते.) तिसरे मूळ −४.६७ वर, सातपट दूर. म्हणून ओव्हरशूट (लक्ष्याच्या पुढे जाणारी उसळी) १६ टक्के आणि स्थिरावायला ६ सेकंद हे दुसऱ्या क्रमाचे, म्हणजे दोनच मुळे धरून केलेले, आडाखे चालतात. पाचपटीच्या आत असते, तर चालले नसते.

हापूसच्या रायपनिंग चेंबरचे (आंबे पिकवायच्या खोलीचे) मॉडेल एकाच पोलचे, टाइम कॉन्स्टंट (तापमान किती संथ बदलते ते सांगणारा काळ) ६०० सेकंद. लोकस म्हणतो कितीही गेन द्या. प्रत्यक्षात गेन वाढवला की थंडाव्याची झडप सतत उघड-बंद करते. (देवगड)

लोकस बरोबर आहे, मॉडेल अपुरे आहे. गार हवा सेन्सरपर्यंत पोचायला लागणारा वेळ, म्हणजे डेड टाइम, त्यात नाही. तो ३० सेकंद धरू. पहिल्या क्रमाच्या पादे सूत्राने (ते डेड टाइमच्या जागी एक अपूर्णांक ठेवते) −०.०६७ वर पोल आणि +०.०६७ वर झीरो येतो, आणि फांद्या त्या झीरोकडे, उजव्या अर्धपातळीत वळतात, जिथे लूप अस्थिर होतो. इथे एक खोच आहे: पादेच्या अपूर्णांकाच्या अंशात एसचे चिन्ह ऋण असते, त्यामुळे खऱ्या अक्षाचा विषम संख्येचा नियम उलटून सम संख्येचा होतो. हे विसरले की आकृतीच भलती येते.

या लोकसवरून लूप गेनची मर्यादा ४१ निघते. पण पादे हे अंदाजी सूत्र आहे. डेड टाइम जसाच्या तसा घेऊन गणित केले तर मर्यादा ३२ च आहे. मी १० पासून सुरुवात करीन. डेड टाइम १५ सेकंदांवर आणता आला तर मर्यादा जवळजवळ दुप्पट होते. मात्र त्यासाठी सेन्सर पंख्याच्या तोंडाशी नेऊ नका. मग तो क्रेटमधल्या फळांचे नाही, झोताचे तापमान सांगेल.