लिनक्सवर नेटवर्क कनेक्शनचा वेग स्क्रिप्टने कसा काढायचा?

नेटवर्क कार्ड आणि स्विच (केबलच्या दुसऱ्या टोकाचं उपकरण) यांच्यात ठरलेला वेग हवा असेल तर वेगळं काही इन्स्टॉल करायची गरज नाही. मुळाशी असलेलं सिस हे फोल्डर उघडा, त्यात क्लास, त्यात नेट, मग इंटरफेसच्या (म्हणजे त्या नेटवर्क कार्डाच्या) नावाचं फोल्डर. आत स्पीड नावाची फाइल असते. ती कॅट या कमांडने वाचा. आकडा मेगाबिट प्रतिसेकंद असतो (100, 1000, 2500) आणि रूट (अ‍ॅडमिन) अधिकार लागत नाहीत.

त्याआधी शेजारची ऑपरस्टेट फाइल (कनेक्शन चालू आहे का ते सांगणारी) मात्र तपासाच. तिथे 'अप' नसेल तर स्पीडमध्ये -1 येतो किंवा वाचतानाच एरर येते, आणि तो -1 तसाच रिपोर्टमध्ये जातो. वायफायला ही फाइल उपयोगाची नाही. तिथे 'आयडब्ल्यू' या वायफाय कमांडच्या लिंक आउटपुटमधली टीएक्स बिटरेटची (पाठवण्याच्या वेगाची) ओळ ग्रेप या शोधायच्या कमांडने काढा.

गिगाबिट कार्डावर 100 दिसलं तर आधी केबल बघा. 100 ला तारांच्या 2 जोड्या पुरतात, 1000 ला चारही लागतात. क्रिंपिंगमध्ये (केबलला कनेक्टर बसवताना) एक तार सुटली तरी कार्ड बऱ्याचदा गुपचूप 100 वर उतरतं.

इंटरनेटचा वेग यातून कळणार नाही. त्यासाठी कर्ल या डाउनलोडच्या कमांडने मोठी फाइल उतरवून त्याचा स्पीड-डाउनलोड आकडा घ्या. तो बाइट प्रतिसेकंद असतो, बिटसाठी 8 ने गुणा.