इच्छास्वातंत्र्याच्या वादात नवे असाल तर

माणूस आपली कृती खरंच स्वतः निवडतो का, हा तो वाद. आवड आहे तर जरूर शिरा, फक्त बाजू निवडायची घाई करू नका. सुरुवातीला एवढं सांभाळा:

१. नियतत्ववाद म्हणजे प्रारब्ध नव्हे. प्रारब्धवादी म्हणतो, काहीही करा, व्हायचं ते होणारच. नियतत्ववादी म्हणतो, प्रत्येक वागण्यामागे कारणं असतात आणि तुमचे प्रयत्नही त्यातलंच एक कारण. बहुतेक नवखे इथेच अडखळतात.

२. मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेटचा १९८३ चा प्रयोग शांतपणे वाचा. त्यात लोकांना वाटेल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं होतं. मनगट हलण्याआधी सुमारे ५५० मिलिसेकंद मेंदूतली विद्युत हालचाल सुरू झाली, 'आता हलवावं' ही जाणीव मात्र सुमारे २०० मिलिसेकंद आधी नोंदली गेली. म्हणून इच्छास्वातंत्र्य हा भ्रमच, असा निकाल लगेच देऊ नका. जाणिवेची वेळ माणसं घड्याळासारख्या तबकडीवर फिरणाऱ्या ठिपक्याकडे बघून स्वतःच सांगत होती. आणि मनगट कधी हलवायचं व नोकरी सोडायची का, हे एका जातीचे निर्णय नाहीत.

३. मानसशास्त्रज्ञांपैकी स्किनर (वागणूक परिस्थितीच घडवते) आणि रॉजर्स (माणूस स्वतः निवडू शकतो) ही दोन टोकं आधी वाचा, मग बांडुरा: माणूस, वागणूक आणि परिस्थिती एकमेकांना घडवतात. मला हीच मांडणी सर्वांत पटते.

क्वांटम भौतिकीत काही गोष्टी योगायोगाने घडतात, म्हणून इच्छास्वातंत्र्य आहे, असं काही जण म्हणतात; ते सध्या बाजूलाच ठेवा. योगायोगाने काही घडलं म्हणजे ते तुम्ही निवडलं असं होत नाही.